संगणक जुना कधी होतो?
लिनक्स आणि खाडीअलीकडची यंत्रे

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीची देखभाल थांबवली. काही अटींवर मिळणारी थोडी मुदतवाढ सोडली, तर त्या दिवसानंतर तिच्यातली सुरक्षेची भोके बुजवली जाणार नाहीत असे ठरले. तिच्या जागी विंडोज ११ बसवावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. वसई-विरारमधल्या एखाद्या शाळेने २०१३-१४ च्या सुमारास दहा-बारा संगणक घेतले असतील, तर त्यांतला एकही या चाळणीतून खाली पडणार नाही.

गंमत अशी की १३ ऑक्टोबरला जी यंत्रे चालत होती, ती १५ ऑक्टोबरलाही तशीच चालत होती. कुठला भाग जळला नव्हता की पंखा अडकला नव्हता. तरी ती 'जुनी' ठरली. सायकल जुनी होते तेव्हा साखळी झिजते, टायर गुळगुळीत होतो. ते आपल्याला दिसते, हाताला लागते. संगणकाचे म्हातारपण असे दिसत नाही, कारण ते पुष्कळदा दुसरीकडे कुठेतरी ठरते.

अशा यंत्रांचे काय करायचे हा प्रश्न आला की कोणीतरी लिनक्सचे नाव काढते आणि दुसरे कोणीतरी लगेच म्हणते, "ते फार अवघड असते." अवघडपणाची ही ख्याती खोटी नव्हती. ती कशी तयार झाली आणि त्यातला कोणता भाग आज उरला आहे, हे पाहायचे तर तीस-पस्तीस वर्षे मागे जावे लागेल.

३८६ चे महत्त्व

लिनक्सचा जन्म एका घरगुती संगणकावर झाला. हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने जानेवारी १९९१ मध्ये इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला. त्यात ४ मेगाबाइट स्मृती होती. विद्यापीठात त्याला युनिक्स ही कार्यप्रणाली वापरायला मिळे, आणि तसेच काही घरी असावे अशी त्याची इच्छा होती. युनिक्स तोवर मोठ्या संस्थांची मिरास होती. आपल्याकडे मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीसारख्या ठिकाणी (ही संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका केंद्रातून १९८५ साली स्वतंत्र झाली) ती पाहायला मिळे. घरी ती असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि याला पैशाइतकेच प्रोसेसरही कारण होते.

त्या काळच्या डॉसमध्ये चालणारा कोणताही प्रोग्रॅम स्मृतीतल्या कोणत्याही जागी काहीही लिहू शके. एक प्रोग्रॅम चुकला की सगळे यंत्र गोठायचे. एकाच वेळी अनेकांची कामे करणाऱ्या युनिक्ससारख्या प्रणालीला हे चालण्यासारखे नव्हते. १९८५ साली आलेल्या ३८६ ने यावर उपाय दिला. शाळेतलेच उदाहरण घेऊ. प्रत्येक तुकडीत हजेरी क्रमांक १ पासून सुरू होतात. 'अ' तुकडीतला १७ क्रमांक आणि 'ब' तुकडीतला १७ क्रमांक ही वेगळी मुले असतात, आणि कोण कुठले हे कार्यालयातल्या नोंदवहीवरून कळते. 'अ' च्या वर्गशिक्षकांनी "सतरा!" असे पुकारले तर 'ब' मधले मूल उभे राहत नाही. ३८६ मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला असे स्वतःचे क्रमांक मिळतात. स्मृतीचे ४ किलोबाइटचे तुकडे, म्हणजे पाने, पाडलेले असतात. कोणत्या प्रोग्रॅमचे कोणते पान प्रत्यक्षात कुठे आहे, याची नोंदवही कार्यप्रणालीच्या ताब्यात असते. एखादा प्रोग्रॅम चुकला तर स्वतःपुरता चुकतो.

टोरवाल्ड्सने ही सोय वापरायला शिकता शिकता एक कार्यप्रणालीच उभी केली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने संगणकजालावरच्या एका चर्चागटात तिची वर्दी दिली. हा नुसता छंद आहे, आणि माझ्याकडे आहे त्या प्रकारच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरे काही हिच्यावर बहुधा कधीच चालणार नाही, असे त्याने त्यात कळवले होते. १७ सप्टेंबरला पहिली आवृत्ती आली. कंपायलर आणि रोजची साधने तयारच होती. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पात ती लिहिली गेली होती. १९९२ मध्ये लिनक्सही त्याच प्रकल्पाच्या परवान्याखाली आली. ती कोणीही घ्यावी, बदलावी आणि वाटावी. फक्त पुढे देताना पुढच्यालाही तोच हक्क द्यावा, अशी त्याची अट.

नवशिक्यासाठी मात्र यात काहीच नव्हते. दोन फ्लॉप्या असत. एकीने यंत्र सुरू व्हायचे, दुसरीवर मोजकी साधने असायची. पुढचे ज्याचे त्याने पाहायचे. जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेबियन हे लिनक्सचे संच निघाले. तेव्हा कुठे प्रश्न विचारत विचारत बसवून देणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या हाती येऊ लागला.

पन्नास तासांचा फोन

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह काही शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. लिनक्स फुकट होती, इंटरनेटवर होती. मग उतरवून घ्यायला अडचण कसली? थोडे गणित करू. एका सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावतो, म्हणजे ५२० कोटी बिट. त्या वेळचा चांगला मॉडेम सेकंदाला २८,८०० बिट आणी. भागाकार केला की सुमारे १,८०,००० सेकंद येतात, म्हणजे पन्नास तास, तेही ओळ एकदाही तुटली नाही तर.

वसईकरांची अडचण आणखी एक होती. पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे येताना भाईंदर सुटले की गाडी वसईच्या खाडीवरच्या पुलावर येते. पुलाच्या दक्षिणेला मुंबईचा दूरध्वनी संकेतांक चालतो, उत्तरेला ०२५०. खाडीअलीकडून मुंबईला लावलेला फोन हा एसटीडीचा फोन होता. पन्नास तास एसटीडी! फुकटातली ही कार्यप्रणाली हाताने आणणेच परवडणारे होते.

ती तशीच आली. पीसी क्वेस्ट या इंग्रजी मासिकाने १९९६ साली अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली आणि हा उपक्रम पुढे अनेक वर्षे चालवला. त्यामागे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. बर्लिनमध्ये जन्मलेले आणि बेळगावात शिकलेले हे अभियंते पुढे बंगळूरला स्थायिक झाले आणि २०१३ साली वारले. भारतातल्या एका पिढीची लिनक्सशी पहिली भेट या सीड्यांनी घडवली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. एक सीडी दहा घरी फिरे, आणि परवान्यानुसार त्यात गैर काहीच नव्हते.

यंत्रही बहुधा जुनेच असे. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाट्यांवरचा डॉ. भडकमकर मार्ग, ही संगणकाच्या नव्या-जुन्या भागांची पेठ. विरार लोकलने थेट जाता येते. येताना मांडीवर हार्ड डिस्क ठेवून बसायला जागा मिळणे, हा मात्र नशिबाचा भाग.

सीडी मिळाली, यंत्र मिळाले, तरी खरी परीक्षा पुढेच होती. पहिला पेपर हार्ड डिस्कच्या वाटणीचा. विंडोज ठेवून लिनक्स बसवायची तर डिस्कचे भाग पाडावे लागत आणि ते सिलिंडर क्रमांक देऊन पाडायचे असत. त्यात एक विचित्र मर्यादा होती. संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे बायॉस, सिलिंडरचा आकडा दहा बिटांत लिही, म्हणजे १,०२४ च्या पुढे त्याला मोजता येत नसे. १६ हेड, प्रत्येक मार्गिकेवर ६३ सेक्टर आणि सेक्टरला ५१२ बाइट, असा गुणाकार केला की ५२,८४,८२,३०४ बाइट येतात. काही युक्त्यांनी ही मर्यादा पुढे ८.४ अब्ज बाइटपर्यंत ढकलली गेली. पण लिनक्सचा गाभा या रेषेपलीकडे पडला तर यंत्र सुरूच होत नसे. नवशिक्याने सगळे नीट केलेले असे. फक्त एक आकडा रेषेपलीकडे गेलेला असे. (दहावीच्या मुलांना हा गुणाकार जरूर करायला द्यावा. बिटांची संख्या आणि वस्तूची मर्यादा यांचा संबंध इतका स्वच्छ दाखवणारी उदाहरणे फार नाहीत.)

दुसरा पेपर पडद्याचा. चित्रमय पडदा हवा असेल तर मॉनिटर सेकंदाला किती आडव्या ओळी आखू शकतो, हे आपण सांगायचे. जुन्या काचेच्या मॉनिटरला चुकीची वारंवारता दिली तर तो बिघडू शकतो, अशी सूचनाच लिहिलेली असे. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या मॉनिटरची माहितीपुस्तिका कुठून मिळणार?

तिसरा पेपर मॉडेमचा, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो सर्वांत बोलका. नव्वदीच्या उत्तरार्धात स्वस्त मॉडेम आले. त्यांतला निम्मा मेंदू काढून टाकलेला असे आणि ते काम विंडोजमधला प्रोग्रॅम करी. तो प्रोग्रॅम कसा चालतो, हे कंपन्या सांगत नसत. त्यामुळे लिनक्समध्ये असा मॉडेम म्हणजे नुसता पत्र्याचा तुकडा. यंत्रात दोष काही नव्हता. त्याच्याशी बोलायची भाषा तेवढी कुलुपात होती.

रोजकीर्द आणि भारनियमन

खाडीचा पूल ओलांडला की वीज कंपनीही बदलते. दक्षिणेला खासगी कंपनीची वीज, उत्तरेला पूर्वीच्या राज्य वीज मंडळाची आणि जून २००५ नंतर महावितरणची. त्या दशकाच्या मध्यात राज्यभर जे कडक भारनियमन झाले, त्यातून मुंबई शहर वाचले, वसई वाचली नाही.

लिनक्ससाठी याला वेगळा अर्थ होता. तिची त्या काळची फाइल ठेवण्याची पद्धत (एक्स्ट-२, १९९३) वेगवान होती, पण अकस्मात वीज गेली तर अर्धवट लिहिलेले काय आणि कुठे, याचा तिला पत्ता नसे. वीज आल्यावर ती अख्खी डिस्क पहिल्यापासून तपासायला घेई. मोठ्या डिस्कवर यात बराच वेळ जाई, आणि कधी तपासणी मध्येच थांबून इंग्रजीत प्रश्न विचारी. नवशिक्याचा धीर इथे सुटायचा.

यावरचा उपाय मात्र आपल्या दुकानदारांना फार पूर्वीपासून माहीत आहे. व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपायचा आणि मग सावकाश खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर घालायचा. खतावणी लिहिताना दिवा गेला तरी रोजकीर्द शाबूत असते. शेवटच्या काही नोंदी पाहिल्या की काम भागते, सगळी वही तपासावी लागत नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या एक्स्ट-३ या पद्धतीने हेच केले. डिस्कवर करायचा बदल ती आधी एका लहानशा नोंदपट्टीवर लिहिते. वीज गेली, आली, की पट्टी वाचून काही सेकंदांत पुढे चालू. इंग्रजीत या पट्टीला जर्नल म्हणतात, आणि हिशेबाच्या भाषेत जर्नल म्हणजे रोजकीर्दच.

याच सुमारास आणखी एक मोठा बदल झाला. सीडीवरूनच चालणारी, हार्ड डिस्कला हातही न लावणारी लिनक्स आली. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांची नॉपिक्स २००० सालची. उबुंटूने २००५ ते २०११ या काळात अशा सीड्या देशोदेशी टपालाने फुकट पाठवल्या. आधी चालवून पाहा, मग बसवा. माझ्या मते नवशिक्यासाठी या तीस वर्षांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. जोवर बसवणे आणि पाहणे एकच होते, तोवर पाहण्याची किंमत म्हणजे घरचा एकुलता एक संगणक पणाला लावणे ही होती.

ऑक्टोबर २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट-धनगरवाड्याच्या प्राथमिक शाळेत, 'प्रत्येक मुलाला संगणक' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांवर लिनक्स होती. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, स्मृती २५६ मेगाबाइट. दुकानात तेव्हा याच्या कितीतरी पट वेगाची यंत्रे मिळत होती. म्हणजे कोरे करकरीत असूनही आकड्यांनी ते 'जुने'च होते. मुद्दाम तसे बनवले होते, कारण वीज थोडी लागावी. कार्यप्रणाली यंत्राच्या मापाने बेतली तर वेगाचा आकडा एवढा अडसर ठरत नाही, हे त्या शाळेत दिसले. (तो प्रकल्प देशभर का पसरला नाही, हा वेगळा आणि लांबचा विषय आहे.)

महाराष्ट्रात लिनक्स शाळांत रुजली नाही, याचे कारण तिच्या अवघडपणापेक्षा आपल्या सवयीत अधिक आहे. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो लोक संगणक शिकले, ते मुख्यतः विंडोज आणि ऑफिसवर. केरळाने त्याच दशकात शाळांचे संगणक लिनक्सवर नेले आणि शिक्षकांना त्याचे शिक्षण दिले.

लिनक्सही सोडून देते

लिनक्स कोणत्याही यंत्रावर कायम चालते असा एक भाबडा समज आहे. तसे नाही. ज्या ३८६ वर ती जन्मली, त्याचाच आधार फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीतून काढून टाकला गेला. त्या प्रोसेसरच्या काही उणिवा सांभाळण्यासाठी गाभ्यात जे वेगळे लिहावे लागे, त्याचा जाच इतर सर्व यंत्रांच्या कामाला होत होता. टोरवाल्ड्सने मुळीच हळहळ व्यक्त केली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटी पीसीसाठी बसवण्याचा संच नाही. म्हणजे २००३-०४ पूर्वीच्या बहुतेक संगणकांना तिथेही दार बंद झाले.

फरक आहे तो दार कसे बंद होते यात. ३८६ चा निर्णय, त्याची कारणे आणि त्यासाठी नेमक्या कोणत्या ओळी खोडल्या हे सगळे उघड आहे. ज्याला गरज असेल त्याने आधीची आवृत्ती घेऊन चालवावी, दुरुस्त करावी. त्याला कोणी अडवत नाही. विंडोज १० च्या वापरणाऱ्याला ही मुभा नाही.

आणि काही म्हातारपण खरोखर यंत्राचेच असते. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या अनेक मदरबोर्डांवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सदोष निघाले. ते फुगतात आणि फुटतात. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत जोडांवर गंज चढतो, जुन्या फ्लॉप्यांना आणि सीड्यांना बुरशी धरते. अशा यंत्रात कोणतीही कार्यप्रणाली घालून उपयोग नाही. झाकण उघडून आधी कपॅसिटरची डोकी सपाट आहेत का ते पाहावे.

ती सपाट असतील, प्रोसेसर ६४ बिटी असेल आणि स्मृती ४ गिगाबाइट असेल, तर आज लिनक्स बसवणे हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. डेबियन, लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती, लुबुंटू किंवा सी-डॅकची बॉस, यांपैकी काहीही ८ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर घ्यावे, त्यावरूनच यंत्र चालवून पाहावे, आणि आवाज, पडदा, जाळे ठीक चालले तर मग बसवावे. सिलिंडर मोजावे लागत नाहीत, वारंवारता सांगावी लागत नाही. शक्य असेल तर फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घालावी. जुन्या यंत्राला याने येते तेवढी उभारी दुसऱ्या कशाने येत नाही. एक बारीक गोष्ट मात्र शिक्षकांना हटकून अडवते. मदरबोर्डावरची गोल बटणासारखी बॅटरी (सीआर २०३२) संपलेली असते, यंत्राचे घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत. दोष लिनक्सला दिला जातो. बॅटरी बदलली की काम होते.

मराठीचे काय?

डॉसच्या काळी संगणकावर मराठी हवी तर पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड यंत्रात बसवावे लागे. मराठीसाठी वेगळा यंत्रभागच! कारण साध्या मजकुराच्या पडद्यावर एका वेळी २५६ आकृत्या मावत, ताणून ५१२, आणि त्या एकमेकींना जोडता येत नसत. जोडाक्षरे आणि वेलांट्या यांचे तिथे काही खरे नव्हते. लिनक्स बसवणारे जुने प्रोग्रॅम अशाच पडद्यावर चालत, म्हणून त्यांत मराठी येऊच शकत नव्हती. डेबियनने एप्रिल २००७ मध्ये चित्रमय संच दिला, तेव्हा आपल्या लिप्यांना वाट मिळाली. आज त्याच्या पहिल्याच यादीत मराठी आहे. देवनागरीचा मुक्त टंक २००४ साली आला, तोही पुण्यातून. रेड हॅट कंपनीने लोहित नावाचे भारतीय टंक खुले केले. ते घडवले होते मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या संस्थेने.

याच संस्थेचे श्रीलिपी हे नाव मराठी शाळांना अधिक परिचित असेल. शाळांतल्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका, दाखले, अहवाल अशा जुन्या टंकांत टंकलेले आहेत. युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, मग टंक कोणताही असो. जुन्या टंकांत मात्र एखाद्या इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी आकृती बसवलेली असते. तो टंक यंत्रात नसेल तर कागदपत्र उघडते, पण दिसतात ती निरर्थक इंग्रजी अक्षरे. लिनक्स बसवल्यावर "आमच्या फायली बिघडल्या" अशी तक्रार येते ती यामुळे. फायली बिघडलेल्या नसतात. कोणत्या घरात कोणती आकृती, ही किल्ली हरवलेली असते.

ही किल्ली, म्हणजे तो टंक आणि त्याचा प्रोग्रॅम, जुन्या विंडोजच्या डिस्कवरच असते. म्हणून बसवताना "संपूर्ण डिस्क पुसायची का?" हा प्रश्न पडद्यावर येण्याआधी, जुनी विंडोज चालू असतानाच या फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करून वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्याव्यात. ज्या होत नसतील त्या निदान छापून किंवा पीडीएफ करून ठेवाव्यात. दहा यंत्रांच्या शाळेत या कामाला लिनक्स बसवण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागेल. तेवढ्यासाठी एक यंत्र जाळ्यापासून तोडून तसेच जुन्या विंडोजवर ठेवले तरी चालेल.